फंड कंपनीच्या अधिकाऱ्यांची शेअर खरेदी-विक्री कशी पाहावी : पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

म्युच्युअल फंड चालवणाऱ्या सूचीबद्ध कंपनीचे अधिकारी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेत आहेत की विकत आहेत, हे पाहण्यासाठी अर्ज, शुल्क, पॅनकार्ड किंवा डीमॅट खाते यांपैकी काहीही लागत नाही. राजारामपुरीत बसून मोबाईलवरही ही माहिती पाहता येते. म्हणून ती ‘आतली खबर’ म्हणून विकणाऱ्यांना कोल्हापूरकरांनी एक रुपयाही देऊ नये.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार प्रवर्तक, संचालक किंवा पदनिर्देशित व्यक्तीचे (आतली माहिती हाताळणारे म्हणून कंपनीने ठरवलेले अधिकारी-कर्मचारी) एका तिमाहीतील व्यवहार 10 लाख रुपयांच्या वर गेले, तर बाजाराच्या कामकाजाच्या दोन दिवसांत ते कंपनीला कळवावे लागतात आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत ते शेअर बाजाराला कळवायचे असतात. आता पॅनच्या आधारे डिपॉझिटरींकडून, म्हणजे डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून, ही माहिती आपोआप बाजाराकडे जाते, आणि ही व्यवस्था लागू केलेल्या कंपन्यांना 2021 पासून वेगळे कळवणे बंधनकारक राहिलेले नाही. त्यामुळे बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर एचडीएफसी एएमसी, यूटीआय एएमसी अशा फंड कंपनीचे (एएमसी) नाव टाकून ‘इनसायडर ट्रेडिंग’ आणि ‘सिस्टिम ड्रिव्हन डिस्क्लोजर’ (आपोआप होणारी नोंद) हे दोन्ही विभाग पाहावेत. गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्जसारख्या आपल्याकडच्या सूचीबद्ध कंपनीच्या नोंदीही तिथेच सापडतात.

सर्वाधिक लक्ष व्यवहाराच्या प्रकाराच्या रकान्यावर द्यावे, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. समजा, एका अधिकाऱ्याच्या नावावर 5,000 शेअर वाढलेले दिसले. पण प्रकारात ‘ईसॉप’ असेल, तर ते शेअर त्याला नोकरीच्या योजनेतून, बहुधा बाजारभावापेक्षा कमी दरात मिळालेले असतात, आणि त्यावरून कंपनीवरील त्याचा विश्वास मोजता येत नाही. स्वतःच्या खिशातून बाजारभावाने केलेल्या खरेदीचे वजन माझ्या मते कितीतरी अधिक असते. भेट किंवा कुटुंबांतर्गत हस्तांतरण असेल, तर त्या आकड्याला विक्री समजू नये. शिवाय व्यवहाराची तारीख आणि कळवल्याची तारीख वेगवेगळी असते, तीही तपासावी.

फंडाच्या युनिटबाबत नियम वेगळा आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून फंड कंपनीचे पदनिर्देशित अधिकारी, विश्वस्त आणि त्यांचे निकटचे नातेवाईक यांच्याकडील युनिटची माहिती तिमाही संपल्यावर 10 दिवसांत जाहीर होते. मात्र ती एकत्रित असल्याने एकेका व्यक्तीचे नाव त्यात दिसत नाही. तसेच पगाराचा काही भाग स्वतःच्या योजनांत गुंतवणे सेबीने ठराविक अधिकाऱ्यांना बंधनकारक केलेले असल्याने, त्या गुंतवणुकीला स्वेच्छेची खरेदी मानू नये.

आतल्या माहितीवर केलेल्या गैरव्यवहाराची ठोस, स्वतः मिळवलेली माहिती असेल, तर मात्र अर्ज लागतो. कोणतीही व्यक्ती सेबीच्या माहितीदार संरक्षण कार्यालयाकडे स्वेच्छा माहिती प्रकटीकरणाचा विहित नमुना भरून देऊ शकते. कंपनीचे नाव, व्यवहाराचा तपशील, माहिती कशी मिळाली याचा खुलासा आणि हाताशी असलेले पुरावे त्यासोबत द्यावेत. ओळख उघड करायची नसेल, तर वकिलामार्फत अर्ज करता येतो.