सून अबोल आहे की भिडेपायी गप्प आहे?

यवतमाळकडच्या आमच्या गावात शेजारच्या घरी तीन वर्षांपूर्वी सून आली. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "भल्ली गरीब पोट्टी हाये. तोंडातून शब्द नाई काढत." मलाही ते पटलं होतं. ओसरीवर भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बसलेले दिसले की ती मागच्या दाराने ये-जा करायची. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, काही विचारलं तर उत्तर दाराआडून यायचं, तेही एका शब्दात.

मग एका श्रावणात आम्ही सोयाबीनमध्ये निंदायला बाया लावल्या, त्यांत ती होती. पात धरून आठ जणी पुढे सरकत होत्या आणि हशा उठत होता तो तिच्याच पातीवरून. मामाजींचा खोकला, भासऱ्यांचं मोबाईलवर ओरडणं, सगळ्याची हुबेहूब नक्कल चालली होती. माझीही केली असणार, कारण मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचलो आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या.

तिच्या शेजारच्या पातीवर मात्र एक वयस्क बाई होती. ती घरीही बोलत नाही, वावरातही नाही, आणि माहेरच्या लग्नातही कोपरा धरून बसते. गावाच्या लेखी दोघीही 'गरीब'च. पण थोरलीचं गप्प राहणं हा स्वभाव आहे आणि धाकटीचं गप्प राहणं हे वळण.

स्वभाव माणसाबरोबर जिथे जाईल तिथे जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवली, त्यांना अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं साधारण एक बाळ जोरजोरात हातपाय झाडायचं, रडायचं. पुढे बुजरी निघालेली मुलं यांच्यात जास्त सापडली. चार महिन्यांच्या बाळाला सासर-माहेर कळत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही दिसतं की एखाद्या समाजात माणसामाणसांत जो स्वभावाचा फरक असतो, त्यातला ४० ते ५० टक्के वाटा जन्मजात जनुकांकडे जातो.

वळण आधी समोर कोण आहे ते बघतं. हीच सून भासऱ्यांसमोर मान वर करत नाही आणि त्याच अंगणात धाकट्या दिराची टोपी उडवते. घरात कोणाला त्यात विसंगती वाटत नाही, कारण कोणापुढे दबायचं आणि कोणाची थट्टा करायची हे नात्यानेच ठरवून दिलेलं आहे. एवढंच कशाला, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल असते. आणि खिरापत काय आहे ते ओळखायला सासवाही येऊन बसतात! म्हणजे अकरा महिने तोंड बंद ठेवायला शिकवणारी रीतच बाराव्या महिन्यात तोंड उघडायला जागा देते.

उलटा घोटाळा आमच्या बोलीच्या वाट्याला येतो. पुण्यात शिकायला गेलेल्या वऱ्हाडी पोराने "काय बे, जेवला का?" म्हटलं की समोरच्याला ते उर्मट वाटतं. इकडे 'बे' लावला नाही तर मित्र विचारतो, रागावला का म्हणून. एका अक्षरावरून माणसाचा स्वभाव ठरवायचा म्हणजे कमालच आहे.

घोटाळा होतो तो बघणाऱ्याच्याही वळणामुळे. १९८४ सालच्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी अमेरिकन लोकांना आणि म्हैसूरच्या हिंदू लोकांना ओळखीच्या माणसाचं एखादं वागणं सांगायला लावलं आणि त्यामागचं कारण विचारलं. त्यांतला एक प्रसंग म्हैसूरच्याच एका माणसाने सांगितलेला. एक वकील मोटरसायकलवरून कोर्टात चालला होता. टायर फुटलं, मागे बसलेला माणूस जोरात आपटला. वकिलाने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तो तडक कोर्टात गेला. अमेरिकन माणसं बहुधा म्हणाली, बेजबाबदार आहे, स्वतःपुरतं बघणारा आहे. म्हैसूरच्या माणसांचा कल वेगळा होता: वकील आहे, अशिलासाठी कोर्टात उभं राहणं भाग होतं, आणि दुखापत वरून तेवढी दिसली नसेल. वागणं एकच, एकीकडे त्याचं कारण माणसाच्या आत शोधलं, दुसरीकडे त्याच्या भोवती. मला यातलं सर्वात बोलकं वाटतं ते हे की आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. वयाबरोबर तो वाढत गेला. म्हणजे कारण कुठे शोधायचं हेही मूल घरीदारी बघूनच शिकतं.

या हिशेबाने आमच्या गावाने तरी भोवतालचं आधी बघायला हवं. पण बचत गटाचा अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा धाकटीचं नाव कोणी घेतलंच नाही. "तिले बोलता नाई येत," म्हणाल्या. बैठक होती सासूबाईंच्या ओसरीवर, आतल्या खोलीत मामाजी झोपलेले. तिथे ती काय बोलणार होती?

स्वभाव आणि वळण एकमेकांपासून पुरते सुटे करता येतात असं मात्र नाही. स्वभाव तोच राहिला तरी त्याची किंमत रीत ठरवते, आणि रीत बदलते. शांघायच्या शाळकरी मुलांचा अभ्यास शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. १९९० मध्ये बुजरी, मागे राहणारी मुलं वर्गात आवडती होती. शिक्षक त्यांना जबाबदारी देत. २००२ मध्ये तशाच बुजऱ्या मुलांना सोबती टाळू लागले होते आणि ती मनाने खचलेली दिसत होती. मधल्या बारा वर्षांत बाजार बदलला, पुढे होऊन बोलणाऱ्याला भाव आला. आमच्याकडेही मुलगी बघायला आलेली मंडळी पूर्वी 'खाली मान घालून बसते' यावर खूश व्हायची. आता विचारतात, इंटरव्ह्यू देता येईल का?

माझी पुतणी बी.एड. करते. तिला व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली गावातल्या पाच जणींकडून भरून घ्यायची होती. असल्या प्रश्नावल्या पाच मोठ्या गुणांवर बेतलेल्या असतात. बहिर्मुखपणा हा त्यांतला एक. त्या मुख्यतः शहरी, शिकलेल्या लोकांवर घासूनपुसून तयार झाल्या. बोलिव्हियात शेती-शिकारीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांतल्या ६३२ प्रौढांना असेच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारले, तेव्हा ते पाच गुण नीट वेगळे निघालेच नाहीत. २०१३ च्या त्या अभ्यासात ढोबळ दोनच दिसले: लोकांशी मिळूनमिसळून असणं आणि कामसूपणा.

पुतणी धाकटीकडे गेली, चुलीजवळ बसली आणि पहिला प्रश्न वाचला, "तुम्ही लोकांत मोकळेपणाने बोलता का?"

सुनेने भाकर उलथली, ओसरीकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोनाजवळ?"

कागदावर फक्त 'होय' आणि 'नाही' एवढेच दोन रकाने होते.