गाणी त्याची, गळे दुसऱ्यांचे

‘फीलिंग गुड’ कानावर पडलं की नीना सिमोन आठवते. तरुण श्रोत्यांना ते गाणं म्यूज या इंग्लिश बँडचं किंवा मायकेल बुब्लेचं वाटतं. ‘गोल्डफिंगर’ म्हटलं की शर्ली बॅसी, ‘हू कॅन आय टर्न टू’ म्हटलं की टोनी बेनेट, ‘द कँडी मॅन’ म्हटलं की सॅमी डेव्हिस ज्युनिअर. या चारही गाण्यांच्या श्रेयात एक नाव सारखं आहे: ॲन्थनी न्यूली. लंडनच्या गरीब वस्तीतून आलेला हा नट. लेस्ली ब्रिकस या मित्राच्या जोडीनं त्यानं ही गाणी रचली.

न्यूली मुळात नट होता आणि त्याच्या गाण्यांबद्दल बोलताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याची उत्तम गाणी ही कुणा ना कुणा पात्राची स्वगतं आहेत. ती कोण म्हणतंय, आयुष्याच्या कुठल्या वळणावर म्हणतंय, हे समजलं की ओळखीच्या ओळींचा अर्थच पालटतो. म्हणून ही मागची हकीकत सांगायची.

न्यूलीचा जन्म २४ सप्टेंबर १९३१ चा, पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडील सोबत नव्हते. आई ग्रेस आणि तिच्या नातेवाइकांनी पोराला वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीनं लंडनची लाखो मुलं शहराबाहेर पाठवली गेली, त्यांत हाही होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि फ्लीट स्ट्रीटवरच्या एका जाहिरात कंपनीत तो पोऱ्या म्हणून लागला. तिथं असताना ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जाहिरात दिसली: बालनट तातडीनं हवेत. जाहिरात इटालिया कॉन्टी या नाट्यशिक्षण संस्थेची होती. तिथली फी परवडण्यासारखी नव्हती. पण मुलाची चमक पाहून संस्थेनं वेगळा मार्ग काढला: कार्यालयात वरकाम करायचं, आठवड्याला तीस शिलिंग घ्यायचे आणि फुकट शिकायचं. एका दुपारी चहा देताना तो एका निर्मात्याच्या नजरेत भरला आणि ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ डस्टी बेट्स’ या १९४७ च्या मुलांच्या चित्रमालिकेत त्याला थेट मुख्य भूमिका मिळाली.

पुढच्याच वर्षी डेव्हिड लीनचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ हा चित्रपट आला. फेगिनच्या भूमिकेत ॲलेक गिनेस आणि त्याच्या खिसेकापू पोरांचा म्होरक्या, आर्टफुल डॉजर, म्हणजे न्यूली. अंगाहून मोठा कोट, डोक्यावर उंच हॅट आणि वयाला न शोभणारा थोरामोठ्यांचा आव. ही भूमिका आजही पाहावी अशी आहे. मोठ्या माणसाचे कपडे घालून जगाला फसवू पाहणारं पोर, ही प्रतिमा मला त्याच्या पुढच्या सगळ्या कामात दिसत राहते.

त्यानंतरची दहाएक वर्षं ब्रिटिश चित्रपटांतल्या दुय्यम भूमिकांत गेली. १९५५ साली नृत्यदिग्दर्शक जॉन क्रँकोच्या ‘क्रँक्स’ या रेव्ह्यूमध्ये, म्हणजे गाणी, नाच आणि छोट्या प्रवेशांच्या कार्यक्रमात, त्याला काम मिळालं. जेमतेम चार कलाकार, सगळा भर हालचालीवर आणि आवाजावर. हा प्रयोग १९५६ मध्ये न्यूयॉर्कलाही गेला. भपक्याविना, शरीर आणि गळा एवढ्याच्या बळावर रंगमंच भरून काढता येतो, हे तो इथंच शिकला असणार.

गायक तो झाला अपघातानं. एल्व्हिस प्रेस्लीला १९५८ मध्ये अमेरिकन लष्करात भरती व्हावं लागलं होतं. त्यावरून सुचलेल्या ‘आयडॉल ऑन परेड’ (१९५९) या चित्रपटात सक्तीची लष्करी सेवा करायला गेलेल्या रॉक गायकाची भूमिका न्यूलीकडे आली. भूमिकेची गरज म्हणून गायलेली गाणी बाजारात आली आणि नट खरोखरच पॉप गायक होऊन बसला. १९६० मध्ये ‘व्हाय’ आणि ‘डू यू माइंड’ ही त्याची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्या काळी इंग्लिश पोरं गाताना अमेरिकन उच्चार उसने घेत. न्यूलीनं मात्र आपली लंडनची बोली, कॉकनी, गाण्यातही सोडली नाही. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये हा ठसा इतका उघड आहे की क्षणभर न्यूलीच गातोय असं वाटावं.

बोवीला आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे १९६० च्या शरद ऋतूतली ‘द स्ट्रेंज वर्ल्ड ऑफ गर्नी स्लेड’ ही टीव्ही मालिका. पहिल्याच दृश्यात न्यूली एका ठरावीक घरगुती विनोदी मालिकेच्या सेटवरून उठतो, कॅमेऱ्यांना वळसा घालून स्टुडिओबाहेर पडतो आणि रस्त्यानं चालू लागतो. पुढे तो कुत्र्यांशी बोलतो, मनातल्या मनात वाद घालतो. एका भागात तर विनोदबुद्धी नसल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटलाच चालतो. सहा भागांत मालिका आटोपली. प्रेक्षक गोंधळले, पण चालता खेळ थांबवून प्रेक्षकांशी बोलणारा माणूस न्यूलीच्या डोक्यात पक्का बसला होता.

तोच माणूस पुढच्या वर्षी रंगमंचावर आला. ब्रिकस केंब्रिजचा, फूटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळातून आलेला आणि न्यूलीच्याच वयाचा. दोघं एकमेकांना ‘ब्रिकमन’ आणि ‘न्यूबर्ग’ म्हणत. दोघांनी मिळून ‘स्टॉप द वर्ल्ड – आय वाँट टू गेट ऑफ’ लिहिलं. संहिता, संगीत आणि गीतं, तिन्हींचं श्रेय दोघांच्या नावानं एकत्र. मँचेस्टरच्या तालमीच्या प्रयोगांनंतर २० जुलै १९६१ रोजी लंडनच्या क्वीन्स थिएटरमध्ये ते उघडलं. शॉन केनीचं नेपथ्य सर्कशीच्या तंबूचं. दिग्दर्शक न्यूली, मुख्य नटही न्यूली: चेहऱ्याला मूकनाट्यातला पांढरा रंग, ढगळ विजार, नाव लिटलचॅप. जन्मापासून मरणापर्यंतचं एका सामान्य माणसाचं आयुष्य रिंगणात घडतं. साहेबाच्या मुलीशी लग्न, दोन मुली, मुलगा नसल्याची सल, नोकरीतली बढती, परदेशी बायकांच्या नादी लागणं आणि शेवटी राजकारणातलं मोठं पद. काही मनाविरुद्ध घडलं की तो “जग थांबवा!” असं ओरडतो आणि प्रेक्षकांकडे वळून बोलतो. इंग्लिश बायको, रशियन, जर्मन आणि अमेरिकन प्रेयसी, या सगळ्या भूमिका ॲना क्वेल ही एकच नटी करायची. कुठंही गेला तरी या माणसाला एकच बाई भेटत राहते, हे एवढ्या साध्या युक्तीनं सांगून झालं होतं.

नाटकाच्या शेवटी येतं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल ॲम आय’. नाइट क्लबांत हे गाणं प्रेमभंग झालेला देखणा पुरुष हातात ग्लास घेऊन गातो. नाटकात ते गातो एक म्हातारा. बायको वारली आहे, मानसन्मान मिळून गेले आहेत आणि आता मागे पाहताना त्याला कळतं की आपण आयुष्यभर स्वतःखेरीज कुणावर प्रेमच केलं नाही. गाण्यातला प्रश्न प्रेयसीला विचारलेला नाही, आरशाला विचारलेला आहे. न्यूली ते गाताना आवाज ताणत नेतो, शब्द चावतो, मध्येच बोलल्यासारखा थांबतो. ही पद्धत अनेकांना नाटकी वाटते. मला ती तशीच हवी वाटते. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलावं लागतंय, त्याचा गळा असाच अडखळणार.

३ ऑक्टोबर १९६२ रोजी निर्माता डेव्हिड मेरिकनं हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणलं. तिथं ५५५ प्रयोग झाले, ॲना क्वेलला टोनी पुरस्कार मिळाला. सॅमी डेव्हिस ज्युनिअरनं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल’ अमेरिकेत घरोघरी नेलं आणि १९६३ च्या ग्रॅमी समारंभात ते ‘साँग ऑफ द इयर’ ठरलं. हा मान ब्रिटिश गीतकारांना पहिल्यांदाच मिळत होता. नाटक मागे पडावं आणि पद मैफिलीत जगत राहावं, हे नाट्यगीतांवर वाढलेल्या आपल्या कानांना नवं नाही. न्यूलीच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडलं.

१९६४ मध्ये जेम्स बाँडच्या तिसऱ्या चित्रपटासाठी, ‘गोल्डफिंगर’साठी, जॉन बॅरीनं एक चाल बांधली आणि शब्दांसाठी या जोडीला बोलावलं. सुरुवातीचे तीन सूर ऐकताच दोघांनी हसत ‘मून रिव्हर’ हे गाजलेलं गाणं गायला सुरुवात केली, असं ब्रिकस सांगत असे. सूर तेच होते खरे, पण पुढची चाल वेगळ्याच रस्त्यानं जाते. शब्दही तसेच जमले: खलनायकाचं वर्णन आणि त्याच्यापासून सावध राहण्याचा इशारा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला त्यांचं दुसरं नाटक उघडलं: ‘द रोअर ऑफ द ग्रीझपेंट – द स्मेल ऑफ द क्राउड’. यात ‘सर’ हा वरच्या वर्गातला माणूस आणि ‘कॉकी’ हा खालच्या वर्गातला. दोघं एक खेळ खेळत असतात आणि सर दर वेळी नियम बदलून जिंकतो. मग एक कृष्णवर्णीय माणूस येतो. हे दोघे आपसांत भांडत असताना तो खेळतो आणि सरळ जिंकून जातो. ‘फीलिंग गुड’ हे त्या विजयाचं गाणं आहे. पक्षी, आकाश, वारा ही नुसती प्रसन्न सकाळ नव्हे. ज्याला कधी पटावर जागाच नव्हती त्याची ती पहिली मोकळी सकाळ आहे.

नॉटिंगहॅमला ते गायलं साय ग्रँटनं. हा ब्रिटिश गयानातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात नॅव्हिगेटर होता, विमान पाडलं गेल्यावर दोन वर्षं जर्मनांच्या कैदेत होता आणि पुढे बीबीसीच्या ‘टुनाइट’ या कार्यक्रमात रोजच्या बातम्या कॅलिप्सो या कॅरिबियन लोकगीतांच्या चालीवर गायचा. हे गाणं म्हणायला याहून योग्य माणूस कुठून आणणार? त्याचं नाव या गाण्यासोबत फारसं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते.

ब्रिटनच्या दौऱ्यात कॉकीचं काम विनोदी नट नॉर्मन विस्डम करत होता, पण नाटक लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागापर्यंत पोहोचलंच नाही. तेवढ्यात टोनी बेनेटनं याच नाटकातलं ‘हू कॅन आय टर्न टू’ गाजवलं होतं आणि मेरिकनं पुन्हा डाव टाकला: कॉकी म्हणून न्यूली, सर म्हणून सिरिल रिचर्ड. ब्रॉडवेवर मे १९६५ मध्ये पडदा उघडला, तिथं ‘फीलिंग गुड’ गिल्बर्ट प्राइसनं गायलं. त्याच वर्षी नीना सिमोनचं ध्वनिमुद्रण आलं. सुरुवातीला वाद्यांविना एकटा आवाज आणि मग पितळी वाद्यांचा लोंढा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला. दोन गोऱ्या इंग्रजांनी एका पात्रासाठी लिहिलेलं गाणं त्या आवाजात आपल्या खऱ्या मालकिणीला भेटलं, असं मला वाटतं.

पुढचा भाग थोडक्यात. १९६३ मध्ये न्यूलीनं जोन कॉलिन्स या अभिनेत्रीशी लग्न केलं होतं. त्यांना दोन मुलं झाली. १९६७ च्या ‘डॉक्टर डूलिटल’मध्ये त्यानं काम केलं, पण गाणी एकट्या ब्रिकसची होती. १९६९ मध्ये स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेला, माल्टात चित्रित केलेला, लांबलचक नावाचा त्याचा एक चित्रपट आला. त्यात बायको आणि दोन्ही मुलं पडद्यावर आणली आणि नायकाच्या बाईलवेडाची कबुली दिली. समीक्षकांनी तो झोडपला आणि लग्नही लवकरच मोडलं. लिटलचॅपला रिंगणाचा आणि रंगलेल्या चेहऱ्याचा आडोसा होता. इथं तो नव्हता.

१९७१ च्या ‘विली वाँका अँड द चॉकलेट फॅक्टरी’साठी जोडी पुन्हा एकत्र आली. रोआल्ड डालच्या कथेवरचा हा चित्रपट तेव्हा फारसा चालला नाही, पण संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ‘प्युअर इमॅजिनेशन’ आजही गायलं जातं. ‘द कँडी मॅन’ चित्रपटात ऑब्री वुड्सनं गायलं. त्याचं ते गायन न्यूलीला मुळीच रुचलं नाही. ते दृश्य स्वतः करून देण्याची तयारी त्यानं दाखवली होती. १९७२ मध्ये सॅमी डेव्हिसनं तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. एवढ्या मोठ्या गायकाच्या कारकिर्दीतलं हे एकमेव पहिल्या क्रमांकाचं गाणं.

नंतरची बरीच वर्षं न्यूली लास वेगासच्या रंगमंचांवर रमला. चॅप्लिनच्या आयुष्यावरचं त्याचं संगीतक १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला झालं, पण ब्रॉडवेपर्यंत गेलं नाही. १९८५ मध्ये कर्करोगाचं निदान झालं. तो इंग्लंडला परतला आणि लंडनजवळच्या एशर गावात आईसोबत राहू लागला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तर त्याच वर्षी लंडनमध्ये पुन्हा उभं केलेलं ‘स्टॉप द वर्ल्ड’ फार टिकलं नाही. १९९८ मध्ये ‘ईस्टएंडर्स’ या लोकप्रिय मालिकेत तो जुन्या गाड्या विकणाऱ्या विन्स वॉटसनच्या भूमिकेत दिसला. पूर्व लंडनच्या पोराची ही पूर्व लंडनच्या गोष्टीत घरवापसी होती. १४ एप्रिल १९९९ रोजी फ्लॉरिडात तो गेला. वय ६७.

त्याच्या स्वतःच्या आवाजात ही गाणी ऐकायची असतील तर ‘स्टॉप द वर्ल्ड’चं आणि ‘ग्रीझपेंट’च्या ब्रॉडवे संचाचं ध्वनिमुद्रण आहे. तिसरं आहे ‘गोल्डफिंगर’. बॅसीनं गाण्याआधी न्यूलीनं ते नमुन्यादाखल गाऊन ठेवलं होतं आणि ते बाहेर आलं १९९२ मध्ये, बाँडपटांच्या तिसाव्या वर्षाच्या संग्रहात. बॅसी सगळ्या शहराला ऐकू जावं असा इशारा देते. न्यूलीचा आवाज दबका आहे, भिंतीला कान असतील म्हणून जपून बोलणाऱ्या माणसासारखा.