झोन दाखला, लेआउट मंजुरी आणि दुकानाचा बोर्ड: अर्ज कुठं करायचा, कागद काय लागतात

शहरात किंवा शहराच्या कडेला जमीन असली, प्लॉट घ्यायचा असला, नाहीतर गाळ्यावर मोठा बोर्ड लावायचा असला की नगरपालिकेच्या परवानग्यांशी गाठ पडतेच, आणि लोकांचा घोळ असा होतो की यातला एक कागद हातात आला की बाकीचे पण झाले असं धरून चालतात. एजंट तर तेच सांगत असतो, "साहेब येलो झोन आहे, एनए आहे, बिनधास्त घ्या". पण येलो झोन (रहिवास विभाग) म्हणजे एनए (बिगरशेती) नाही, एनए म्हणजे लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) मंजूर नाही, आणि लेआउट मंजूर म्हटलं तरी त्यात दोन प्रकार आहेत. खाली एकेक बघू. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, त्यातही बोर्डाचा भाग सोडला तर मुंबई महापालिका वगळून, कारण मुंबईला तिची वेगळी विकास नियमावली, डीसीपीआर २०३४, आहे आणि उरलेल्या बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात (एमआयडीसी, नैना म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही अपवाद आहेत).

झोन दाखला

कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरतं विकास आराखड्यावरून, म्हणजे डीपी. शहराबाहेर डीपी नसेल तिथं प्रादेशिक योजना, म्हणजे आरपी. दोन्हींचा आधार एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायदा १९६६. व्हॉट्सॲपवर फिरणारा रंगीत नकाशा बघून निर्णय घेऊ नका, तो प्रारूप आहे का मंजूर आहे, त्यानंतर काही बदल झाले का, यातलं त्यावर काहीच कळत नाही. सही शिक्क्याचा झोन दाखला काढा आणि त्याच्यासोबत भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता तुकडा, पण मागून घ्या. दाखला हा नुसता मजकूर असतो, नेमकी कुठली बाजू कशात जाते ते नकाशावरच दिसतं.

अर्ज महापालिका किंवा नगरपरिषद हद्दीत असाल तर तिथल्या नगर रचना विभागात, हद्दीबाहेर असाल तर जिल्ह्याच्या सहायक संचालक नगर रचना यांच्या ऑफिसात, आणि पीएमआरडीए (पुणे महानगर) सारखं प्राधिकरण असेल तर त्यांच्याकडे. सोबत ताजा सातबारा किंवा सिटी सर्व्हे असेल तर प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा किंवा निदान गट नकाशा, आणि फीची पावती, एवढंच. लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली ही अधिसूचित सेवा आहे, नगरपालिकांच्या यादीत झोन दाखल्याला ७ दिवस आणि भाग नकाशाला ३ दिवस दिलेत. जमीन घेणाऱ्यानं पण काढायला हरकत नाही, उलट घेणाऱ्यानंच काढावा, विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर भागवू नये.

दाखला आला की तो शेवटपर्यंत वाचा. पहिल्या ओळीत "रहिवास विभाग" दिसलं की लोक खूश होतात आणि पुढचं "अंशतः" नजरेतून सुटतं. "सदर गट अंशतः रहिवास विभागात, अंशतः शेती विभागात समाविष्ट असून १८ मी. रुंद प्रस्तावित रस्त्याने बाधित होत आहे" असं एक वाक्य असतं आणि त्यातच सगळी मेख असते. ४० गुंठ्यातले रस्त्यात किती गेले, ग्रीन झोनमध्ये किती राहिले हे भाग नकाशावर मोजून बघितल्याशिवाय भावाची बोलणी करू नये. आरक्षण असेल, म्हणजे बाग, शाळा, भाजी मंडई असं काही, तर दाखल्यावर त्याचा आरक्षण क्रमांक येतो.

आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली असं नाही. एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती घेतली गेली नाही तर मालकाला खरेदी सूचना देता येते, आणि सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं धरतात. ही सूचना देताना सोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात, नाहीतर सूचनाच अपुरी म्हणून बाजूला पडते आणि मुदत सुरू झाली का नाही यावरच वाद होत बसतो. हे काम वकिलाकडूनच करून घ्या.

आराखडा नवीन येतोय तेव्हाचे ३० दिवस

याकडे कोण बघत नाही आणि मग पुढची वीस वर्षं सगळे बोंबलत बसतात. प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली राजपत्रातल्या नोटिशीपासून ३० दिवस हरकती सूचना घेतात, नंतर कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी, आणि मंजुरी सरकारकडून. नगरसेवकाला तोंडी सांगितलं, त्यानं "बघतो" म्हटलं, याला हरकत म्हणत नाहीत. हरकत लेखी पाहिजे, त्यात गट नंबर, आराखड्याच्या शीटचा नंबर, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक, आणि तुमचं म्हणणं दोन चार मुद्द्यात. "आमच्यावर अन्याय झाला" असं चार पानं लिहिण्यापेक्षा "या रस्त्याची आखणी मंजूर लेआउटमधल्या बांधलेल्या घरांवरून जाते, सोबत मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र जोडलंय" असं एक वाक्य जास्त काम करतं, कारण समितीला कागदावर उत्तर द्यावं लागतं. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, सुनावणीला जाताना तीच लागते. सुनावणीला मालक जाऊ शकत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा पण गैरहजर राहू नका.

आराखडा मंजूर झाल्यावर झोन बदलायचा असेल तर डीपीत कलम ३७ आणि आरपीत कलम २०. कलम ३७ मध्ये पालिकेचा ठराव होतो, नोटीस निघते, एक महिना हरकती, आणि मग प्रस्ताव सरकारकडे. म्हणजे सभेत ठराव पास झाला म्हणजे झोन बदलला असं नाही, तो फक्त प्रस्ताव आहे, शासनाची अधिसूचना निघेपर्यंत तुमची जमीन आहे त्याच झोनमध्ये. ठरावाची कॉपी दाखवून प्लॉट विकणारे बघितलेत म्हणून मुद्दाम सांगतोय.

लेआउट, म्हणजे प्लॉट पाडणे

जमिनीचे प्लॉट पाडायला एमआरटीपी कलम ४४ खाली परवानगी लागते. अर्ज मालकाचा, आणि सातबाऱ्यावर नावं जेवढी तेवढ्या सगळ्यांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र. बहिणीचं नाव आहे पण ती सही करत नाही, इथं निम्म्या फाईली अडतात. नकाशे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडूनच आणि आता बहुतेक ठिकाणी बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाईन प्रणालीवरून.

कागद: ताजा सातबारा आणि त्यावरचे फेरफार, भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा (जुनी चालवून घेत नाहीत, आणि मोजणीलाच सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून ती आधी लावून द्या), झोन दाखला भाग नकाशा, जमिनीपर्यंत जायचा रस्ता आहे याचा पुरावा, थकबाकी नसल्याचा दाखला, हमीपत्र. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), वतनाची, कुळकायद्याची असेल तर महसूलची परवानगी किंवा नजराणा भरल्याचा आदेश आधी. जवळून रेल्वे, हायवे, कालवा, हाय टेन्शन लाईन जात असेल तर त्या त्या खात्याचं ना हरकत. रस्त्याच्या मुद्द्यावर जरा थांबा, कारण पाणंद आहे, वहिवाट आहे असं सगळे म्हणतात पण नकाशावर रस्ता दिसत नसेल किंवा शेजाऱ्याचा नोंदणीकृत करार नसेल तर फाईल पुढं जात नाही.

जमीन ४००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती नाल्याच्या काठाला उरलेली वाकडी तिकडी पट्टी दाखवून चालत नाही, तिला मापाचे आणि पोहोच रस्त्याचे नियम आहेत. अंतर्गत रस्ता रहिवासी लेआउटमध्ये साधारण ९ मीटरपासून सुरू होतो आणि लांबी वाढेल तशी रुंदी वाढते. जागा रस्त्यात जाते म्हणून जमीनवाले कुरकुरतात, पण ६ मीटरच्या गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी कशी वळणार ते कोणी सांगत नाही.

आता ते दोन प्रकार. पहिल्यांदा मिळते ती तात्पुरती, टेंटेटिव्ह मंजुरी. तिच्यावर जागेवर आखणी करायची, भूमी अभिलेखकडून मोजणी, रस्ते गटार पाणी लाईट करायचं आणि मग अंतिम लेआउट. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावर पण हिरवा शिक्का, सही सगळं असतं म्हणून घेणारा फसतो. शिक्क्याजवळ बारीक अक्षरात अटी असतात त्या वाचा, आणि अंतिम मंजुरीचा क्रमांक मागा.

अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, नाही दिला तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कलम ४५ मध्ये आहे, पण ती फक्त प्रस्ताव पूर्णपणे नियमात बसत असेल तरच, त्यामुळं त्या जोरावर कोणी जेसीबी लावू नये, उद्या एक नियम चुकला म्हणून कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा कामाची, नोटीस येईल. नामंजूर झालं तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत शासनाकडे अपील. परवानगीची मुदत एक वर्ष, पुढं दरवर्षी वाढवून घ्यायची, वाढीव मुदत तीन वर्षांच्या पुढं जात नाही.

एनएचं थोडक्यात: अंतिम डीपी असलेल्या भागात महसूल कायद्याच्या कलम ४२ब मुळं वेगळी एनए परवानगी काढत बसावं लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची. पण त्यामुळं लेआउटची किंवा बांधकामाची परवानगी मिळत नाही, ते खातंच वेगळं. तसंच तुकडेबंदीचं, म्हणजे जमिनीचे बारीक तुकडे करायला असलेल्या बंदीचं. १९४७ च्या त्या कायद्यामुळं गुंठा दोन गुंठ्याचे दस्त अडायचे, १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानंतर तर मंजूर लेआउट नसेल तर नोंदणीच थांबली होती. त्यात सरकारनं नंतर सवलती दिल्या, पण सवलतीनं फार तर व्यवहार नियमित होतो. आपोआप बांधकाम परवानगी मिळत नाही, घर बांधायला रस्ता, झोन, नियमावली हे सगळं पुन्हा बघतातच. जुन्या गुंठेवारीसाठी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या प्लॉटसाठी, २००१ चा वेगळा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली.

प्लॉट घेणाऱ्यांनी एक अजून बघा, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) नोंदणी लागते. जाहिरातीवर नंबर नसेल तर का नाही ते विचारा.

बोर्ड, होर्डिंग, फ्लेक्स

महापालिकेत याचा विभाग वेगळा असतो, काही ठिकाणी नाव आकाशचिन्ह व परवाना विभाग, त्यामुळं नगर रचनाच्या टेबलावर चकरा मारू नका. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांसाठी २०२२ चे जाहिरात फलकांचे नियम आहेत.

स्वतःच्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी आणि त्याच दुकानावर कोल्ड्रिंक कंपनीनं फुकट करून दिलेला मोठा लाल बोर्ड, यात बहुतेक ठिकाणी फरक धरतात, दुसऱ्यात कंपनीचीच जाहिरात जास्त असते, म्हणून शुल्काची नोटीस येऊ शकते आणि ती कंपनीला नाही, दुकानदाराला येते. अर्जासोबत शॉप ॲक्टचा कागद, जागेचा करार, इमारत मालकाचं किंवा सोसायटीचं ना हरकत, मालमत्ता कराची पावती, जागेचा फोटो आणि बोर्डाच्या मापाचा नकाशा. गच्चीवरचं किंवा लोखंडी सांगाड्यावरचं काही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र. हे शेवटचं लोक पैसे देऊन बसल्या जागी आणतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, आणि मुंबईत ४० बाय ४० फुटाची मर्यादा असताना ते १२० बाय १२० चं होतं. त्यानंतर तपासणी कडक झालीय आणि व्हायलाच पाहिजे होती.

बोर्ड मराठी पाहिजे ही अट वेगळी आहे, ती दुकाने आस्थापना कायदा २०१७ मधली. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना पण लागू झाली. देवनागरी मराठी आधी, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. पेंटरला हे आधीच सांगा, नाहीतर मोठ्या इंग्रजीखाली बारीक मराठी करून देतो. २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला पण परवानगी लागते, विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ चा आहे. परवानगी क्रमांक आणि मुदत फ्लेक्सवरच छापून घ्या.

अर्ज करून उत्तर आलं नाही तर

अधिसूचित सेवा असेल आणि मुदत उलटली तर लोकसेवा हक्कात ३० दिवसांत पहिलं अपील, फी नाही. पोचपावती असेल तरच हे चालतं म्हणून "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय कागद सोडू नका. फाईल कुठल्या टेबलावर आहे, शेरा काय मारलाय हे हवं असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा आणि टिपणीसह फाईलच्या साक्षांकित प्रती मागा. मंजूर लेआउटचा नकाशा पण असाच मिळतो, प्लॉट घेण्याआधी तो मिळवून विकणाऱ्याच्या हातातल्या नकाशाला लावून बघा, प्लॉट नंबर, रस्ता आणि मोकळी जागा जुळतात का ते.