रंग काढल्यावरचे दोन वास: एकाला लिंबू चालतं, दुसऱ्याला नाही

रंग उतरवून दोन-चार दिवस झाले तरी डोक्यावर पाणी पडलं की नासक्या अंड्यासारखा वास सुटत असेल, तर लिंबू पिळायला जाऊ नका. वास नाकात झोंबणारा, डोळे चुरचुरवणारा असेल तर मात्र लिंबू वापरायला हरकत नाही, भरपूर पाणी घालून. दोन्ही वासांची तक्रार ‘रंग काढल्यापासून केसांना वास येतोय’ अशा एकाच वाक्यात होते. त्यावर आई, शेजारीण आणि पार्लरवाली उपायही एकच सांगतात, आणि घोळ तिथेच होतो. नासक्या अंड्याचा वास गंधकाचा आहे, तो कलर रिमूव्हरमुळे येतो. झोंबणारा वास अमोनियाचा, तो ब्लीचमुळे. दोघांचं काम वरवर एकच दिसतं, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी उलट्या दिशांना चालतात.

आपल्या डोक्यावर यातलं नेमकं काय लावलं होतं, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. (पुष्कळ जणांनाही. मिशीला डाय लावून पस्तावलेले कमी नाहीत.) खूण सोपी आहे. मुळाशी नवीन वाढलेले, कधीही न रंगवलेले काळे केस पाहा. औषध तिथपर्यंत लागूनही ते काळेच राहिले असतील तर रिमूव्हर होतं. तेही तांबूस किंवा पिवळट झाले असतील तर ब्लीच. रिमूव्हर फक्त बाहेरून आलेल्या रंगाशी भांडतं, ब्लीच आपलं-परकं पाहत नाही. आठवत असेल तर आणखी एक खूण: पांढरी किंवा निळसर पूड डेव्हलपरमध्ये (सोबत येणाऱ्या पेरॉक्साइडच्या द्रावणात) कालवून दाट लेप केला असेल तर ते ब्लीच. दोन पातळ द्रावणं एकत्र करून लावली आणि लावतानाच घरभर वास सुटला असेल तर ते रिमूव्हर.

पक्का डाय केसात बसतो कसा, हे थोडक्यात बघायला हवं. पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन, पक्क्या डायमधलं मुख्य रसायन) किंवा तिच्या जातीचे रंगहीन, लहान रेणू अमोनियाने फुगलेल्या केसात शिरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना आतल्या आत एकमेकांशी जोडतं. जोडून झालेला रेणू मोठा आणि रंगीत असतो, आणि मोठा असल्यामुळेच तो ज्या वाटेने आला त्या वाटेने सहज बाहेर पडत नाही. पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिजन देणारं द्रव्य, म्हणजेच डाय ऑक्सिडीकरणाने बसतो.

रिमूव्हर हीच गाडी उलटी फिरवतं. त्यात क्षपणकारक, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारं द्रव्य असतं. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत सोडियम हायड्रॉक्सीमिथेनसल्फिनेट किंवा सोडियम हायड्रोसल्फाइट असं लांबलचक नाव सापडेल. नावातल्या ‘सल्फ’वर लक्ष ठेवा, वासाचं घर तेच. हे द्रव्य रंगाचे मोठे रेणू तोडून किंवा फिके करून टाकतं. पण तुकडे केसातच असतात. ते पाण्याने धुऊन बाहेर काढायचे असतात, आणि हे काम वाटतं त्याहून वेळखाऊ आहे.

यातलं हायड्रोसल्फाइट महाराष्ट्राला अनोळखी नाही. इचलकरंजीच्या रंगाई कारखान्यांत आणि कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत त्याला नुसतं ‘हायड्रॉस’ म्हणतात. काळपट गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस टाकणारे असतात. असा गूळ बाजारात येताना देखणा असतो, पण साठवणीत हवेशी संबंध आला की पुन्हा काळवंडू लागतो. केसांतही नेमकं हेच घडतं. रिमूव्हरने फिके झालेले रंगाचे तुकडे नीट धुतले नाहीत, तर हवेतला ऑक्सिजन त्यांना परत जोडतो. ‘काल छान उतरला होता, आज परत काळा झाला’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. म्हणजे अपुरं धुणं दोन्हीकडून महागात पडतं, रंगही परत येतो आणि वासही राहतो. (एवढं वाचून गुऱ्हाळातलं हायड्रॉस डोक्याला लावायचा विचार कुणी करू नये. ते औद्योगिक रसायन आहे, टाळूवर भाजल्यासारखी जखम होईल.)

ब्लीचची गोष्ट मात्र उरकता येते. अमोनियम किंवा पोटॅशियम परसल्फेटची पूड आणि पेरॉक्साइड मिळून अल्कधर्मी, जोरदार ऑक्सिडीकारक मिश्रण होतं. ते डायचाही नाश करतं आणि केसातल्या मेलॅनिन या मूळच्या रंगद्रव्याचाही. जाता जाता ते केराटिनमधले, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यातले, गंधकाचे दुवेही तोडतं, आणि केस मजबूत असतो तो त्या दुव्यांमुळेच. परसल्फेटच्या नावातही ‘सल्फ’ आहे म्हणून फसू नका. इथला गंधक आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत अवस्थेत असल्याने त्याला अंड्याचा वास येत नाही. नाकात जातो तो अमोनिया.

आता दोन्ही वास सुकल्यावर गायब होऊन ओले झाल्यावर परत का येतात? केस पाण्याने फुगतो, बाहेरचे खवले थोडे उघडतात आणि आत अडकलेले वासाचे रेणू सुटे होतात. उष्णतेने ते आणखी वेगाने उडतात. म्हणून अंघोळीच्या वेळी, घामात आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत वास जास्त जाणवतो. हायड्रोजन सल्फाइड तर हवेच्या अब्ज भागांत एक-दोन भाग असलं तरी नाकाला कळू शकतं. वर आपलं नाक त्याला फार लवकर सरावतं. त्यामुळे वास गेला की नाही हे स्वतः ठरवू नका. घरातल्या कुणाला तरी केस ओले असतानाच विचारा, आणि स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा.

गंधकाच्या वासाकडे आधी वळू, कारण चुका तिथेच जास्त होतात. पहिली चूक लिंबू किंवा व्हिनेगर. रिमूव्हरच्या पुष्कळ किटमध्ये दुसरी बाटली आम्लाचीच असते. ती मिसळली की पहिल्या बाटलीतलं द्रव्य कामाला लागतं, आणि वासही तेव्हाच सुटतो. केसात त्या द्रव्याचा अंश उरला असेल आणि वर लिंबू पिळलं, तर त्याला पुन्हा आम्ल मिळतं, तो फुटतो आणि सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे वायू सुटतात. शिवाय हायड्रोजन सल्फाइड आम्लात विरघळून राहत नाही, वायू होऊन उडतं. म्हणजे लिंबाने वास मारला जात नाही, उलट सुटतो. लिंबाच्या सुगंधाखाली दहा मिनिटं झाकला जातो एवढंच.

दुसरी चूक धूप, अत्तर आणि सुगंधी सीरम. वासावर वास चढवला की तिसराच काहीतरी वास तयार होतो. न्हाल्यावर केसांना धुरी द्यायची जुनी रीत छान आहे, पण रंग उतरवलेले केस सच्छिद्र असतात, ते धूर धरून ठेवतात. तिसरी चूक स्ट्रेटनर. आत द्रव्य शिल्लक असताना तापलेली पट्टी फिरवली तर वास तर उठतोच, केसही जळतो.

मग करायचं काय? कोमट पाण्याच्या धारेखाली केस धुणं, आणि पुन्हा धुणं. किटच्या कागदावर धुण्याची जी वेळ दिली असते ती किमान समजा, जाड आणि लांब केसांना दुप्पट धरा. बादलीतून तांब्याने पाणी घेणाऱ्यांना हे कंटाळवाणं होतं हे मान्य, पण उभं राहून केस पुढे सोडून, भाग पाडून, मुळापासून टोकापर्यंत धार गेली पाहिजे. डोक्याच्या मागचा, मानेलगतचा पट्टा नेहमी राहून जातो आणि वासही तिथूनच येत राहतो. शाम्पू क्लॅरिफायिंग जातीचा घ्या, म्हणजे तेल-सिलिकॉनचा थर काढणारा, नुसता मऊपणा देणारा नको. एका वेळी दोनदा फेस करा, पहिला फेस लगेच काढा, दुसरा दोन-तीन मिनिटं ठेवा. एक दिवसाआड असं तीन-चारदा केलं की बहुतेक वास जातो. रोज क्लॅरिफायिंग वापरून केसांचं गवत करू नका.

गंधकाच्या वासावर खरा रासायनिक उतारा ऑक्सिडीकरण हाच आहे. स्कंक नावाचा अमेरिकेतला प्राणी अंगावर फवारतो त्या दुर्गंधीतही थायॉल नावाची गंधकाचीच संयुगं असतात. तिच्यावर टोमॅटोचा रस चोळायचा उपाय तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, आपल्याकडच्या लिंबासारखाच. पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं मिश्रण १९९३ साली प्रसिद्ध झालं: ३ टक्के पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि थोडा साबण. पेरॉक्साइड त्या थायॉलना वास नसलेल्या रूपात बदलतं. कुत्र्याला न्हाऊ घालायला ते उत्तम. पण रंग काढलेल्या केसांवर ते करायचं म्हटलं की पंचाईत होते, कारण तेच पेरॉक्साइड उरलेले रंगाचे तुकडे परत जोडून केस गडद करणार. काही किटमध्ये शेवटची जी छोटी बाटली असते, तिच्यात मुद्दाम फार सौम्य पेरॉक्साइड ठेवलेलं असतं. तेवढं वापरा, तेही सगळं धुणं झाल्यावर, आणि सांगितलेल्या क्रमानेच. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांची असते. ती डोक्यावर ओतण्याच्या भानगडीत पडू नका.

अमोनियाच्या वासाचं काम सोपं आहे. अमोनिया अल्क आहे, आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार उडत नाही, म्हणजे वास येत नाही. अंघोळीच्या शेवटी एक मग पाण्यात चमचा-दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, केसांवरून ओतायचं, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवायचं. टाळू सोलवटली असेल तर हे टाळा, आग होईल. फुगलेले खवलेही सौम्य आम्लाने बसतात, म्हणून केस हाताला गुळगुळीत लागतात. बाजारातले आम्लधर्मी कंडिशनर हेच काम जास्त शिस्तीत करतात. नाहीच काही केलं तरी अमोनिया एक-दोन दिवसांत आपण होऊन उडून जातो. सोडा मात्र इथे चुकूनही नको. अल्कावर आणखी अल्क घातला की खवले अधिकच उघडतात.

ब्लीच केलेल्या केसांना आठवड्याने, पंधरा दिवसांनी जो दमट, कोंदट वास येतो तो अमोनियाचा नसतोच. केस इतका सच्छिद्र झालेला असतो की पाणी शोषतो, सोडत नाही, आणि स्वयंपाकघरातली फोडणी, बसमधला घाम, सिगारेटचा धूर सगळं धरून ठेवतो. इथे धुणं वाढवून उपयोग नाही, उलट कमी करायला हवं. न्हाण्याआधी खोबरेल तेल लावणं हा उपाय इथे चपखल बसतो, आणि ही नुसती आजीची समजूत नाही. मुंबईतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही, कारण ते केसाच्या आत शिरतं. तेल न्हाण्याच्या काही तास आधी, थोडं, टोकांना जास्त. न्हाल्यावर केस टॉवेलात बांधून तासभर फिरू नका, लगेच मोकळे सोडून वाळवा. रिमूव्हरच्या गंधकवासावर मात्र तेल थापू नका. वास आधी धुऊन जाऊ द्या, तेलाचं नंतर बघता येईल.

दोन्हींत न बसणारा एक वास उरतो. केसांच्या टोकांना काही नाही, पण टाळू हुंगली तर आंबट किंवा कुबट वास, सोबत खाज, खपल्या, चिकट कोंडा. हा केसांचा वास नाही, टाळूचा आहे. रसायनाने सोलवटलेल्या टाळूवर संसर्ग झाला असू शकतो. पाणी झिरपत असेल, सूज असेल किंवा चेहरा-पापण्या फुगल्या असतील तर घरगुती काहीही न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पीपीडीची अ‍ॅलर्जी अशीच दिसते.

मेंदीवाल्यांसाठी वेगळा इशारा. शुद्ध मेंदीचा रंग केराटिनलाच धरून बसतो, रिमूव्हरला तो दाद देत नाही. म्हणजे रंग जाणार नाही, वास तेवढा पदरात पडेल. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पीपीडी असते, काहींत धातूंचे क्षारही असतात. क्षार असलेल्या केसांवर ब्लीच लावलं तर केस तापतात, वाफा येतात, तुटतात. म्हणून आधी विंचरताना निघालेले चार केस वाटीत घेऊन त्यांच्यावर ब्लीचचं मिश्रण घालून अर्धा तास पाहा. वाटी गरम झाली किंवा केस विरघळू लागले तर बेत रद्द.

आणि वास जाण्याआधीच नवा रंग लावायची घाई असेल, तर रिमूव्हरनंतर पेरॉक्साइडवाला पक्का डाय काही दिवस थांबवा. उरलेले जुने तुकडे आणि नवा रंग मिळून ठरवलेल्या छटेपेक्षा दोन-तीन पायऱ्या गडद उतरतो. फारच निकड असेल तर डेव्हलपर न लागणारा, धुण्यागणिक उतरणारा रंग घ्या, तोही हव्या त्या छटेहून एक पायरी फिका.