माशाचं चामडं की सापाचं?

पर्सवर खवल्यांची नक्षी दिसली की बहुतेकजण ‘सापाचं कातडं’ म्हणून मोकळे होतात. पण ती पर्स सॅमन माशाचीही असू शकते.

ओळखायचं तर खवले जागेवर आहेत का ते बघावं. सापाचा खवला म्हणजे कातडीचाच कडक झालेला वरचा थर. कातडं कमावल्यावरही तो तसाच राहतो, आणि दोन खवल्यांमधली कातडी पातळ, मऊ लागते. माशाचा खवला मात्र आतल्या थरात रुतलेला असतो. कमावताना तो काढून टाकतात आणि मागे उरतो रिकामा खिसा. सॅमनच्या चामड्यावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, या खिशांच्या कडा बोटाला अडतात. शिवाय मधोमध एक रेघ लांबवर गेलेली दिसते. ती माशाची पार्श्वरेषा, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या इंद्रियाची रेघ. सापाला ती नसते. वुल्फफिश या समुद्री माशावर मात्र खिशांची खूण चालत नाही. त्याचं चामडं गुळगुळीत, काळपट ठिपक्यांचं असतं. पाकट माशाचं तर मणी जडवल्यासारखं खडबडीत. आणि तोच ठिपका, तीच रेघ ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो बहुधा गाईच्या चामड्यावर मारलेला छापा समजावा.

अजगराचं कातडं काही मीटर लांब मिळतं, सॅमनचं जेमतेम हातभर. त्यामुळे माशाच्या जाकिटात जोड येणारच. चांगला डिझायनर ते लपवत बसत नाही. माशाचं चामडं पातळ असलं तरी आतले तंतू एकमेकांना आडवे-तिरपे छेदत जातात, म्हणून ते चिवट असतं. रशिया-चीन सीमेवरच्या आमूर नदीकाठचे नानाई लोक त्याचे कपडे शिवत, आइसलँडमध्ये त्याचे जोडे होत.

माशाच्या बाजूने खरा मुद्दा असा, की सॅमन खाण्यासाठीच मारला जातो आणि त्याची कातडी एरवी बऱ्याचदा कचऱ्यात जाते. तरी ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्का मला लगेच पटत नाही. कातडी क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावली की झाडाच्या सालीने, सांडपाण्याचं काय केलं, हे प्रश्न इथेही सुटत नाहीत. ‘मासा आहे, परवाना कशाला?’ हेही सरसकट खरं नाही. अजगरांचा व्यापार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियमांनी बांधलेला आहे, पण ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पिरारुकू हा मासाही त्याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याच्या चामड्याचे बूट परदेशी पाठवायचे तर निर्यातीचा परवाना लागतोच.