‘आज रात्री वीज तोडली जाईल’: एका मेसेजची पार्श्वभूमी

वीज मंडळाच्या काळात थकबाकीची नोटीस म्हणजे हातात कागद आणि दारात वायरमन. बहुधा ओळखीचाच, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालता यायची, दोन दिवसांची मुदत मागता यायची. बाकीची माहिती पेपरातून कळायची. भारनियमनाचं वेळापत्रक तर लोक राशिभविष्याच्या आधी वाचत.

६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महावितरण ही सरकारी वीज वितरण कंपनी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार अशा सरकारी संस्थांनी कोणती माहिती न मागताच जाहीर करायची, हे ठरलं. ती सांगणारी खरोखर कंपनीच आहे हे ग्राहकाने कसं ओळखावं, याचा विचार मात्र मागे पडला. माझ्या मते वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजने पुढे जो घोळ घातला, त्याचं मूळ इथे आहे.

मग ग्राहक क्रमांकाला मोबाइल जोडा, अॅप घ्या, छापील बिल सोडा आणि दहा रुपये सवलत मिळवा, असं एकेक सुरू झालं. २०२० च्या टाळेबंदीत मीटर रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये एकत्रित बिलं आली. लोक भडकले, तेव्हा हिशेब तपासायला कंपनीने लिंक दिली. विजेच्या नावाने आलेली लिंक उघडायची सवय इथे पक्की झाली असावी.

२०२२ मध्ये भामट्यांनी नेमकी हीच सवय हेरली. मोडक्या इंग्रजीतला मेसेज यायचा: मागचं बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीज बंद, या ‘अधिकाऱ्याला’ फोन करा. खाली साधा दहा आकडी नंबर. फोन केला की एक अॅप घ्यायला लावायचं, किरकोळ रक्कम भरायला सांगायचं, आणि खातं रिकामं.

खरं तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. म्हणजे ‘आज रात्री’ या दोन शब्दांतच मेसेजचं पितळ उघडं पडत होतं. पण हे कलम किती घरांत माहीत होतं? कंपन्यांच्या मेसेजसाठी नोंदणीकृत नावं वापरण्याचे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियमही २०१८ चे. आमचे मेसेज ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ अशा (कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या) नावानेच येतात, वैयक्तिक नंबरावरून नाही, हे महावितरणने ठासून सांगायला सुरुवात केली ती फसवणूक पसरल्यावर.

तरीही लाइन कधी येणार हे कित्येक गावांत व्हॉट्सअॅप ग्रुपवरच कळतं, आणि ते सांगणारा जनमित्र, म्हणजे आजचा वायरमन, स्वतःच्या दहा आकडी नंबरावरूनच सांगतो.