सांध्यांचा ताठरपणा

काही काळ स्थिर राहिलेला सांधा पुन्हा हलवताना जाणवणारा, आणि थोड्याफार हालचालीनंतर ओसरणारा जडपणा म्हणजे ताठरपणा. बोलीत यासाठी ‘सांधे धरणे’ किंवा ‘आखडणे’ असे शब्दप्रयोग आहेत. ‘अंग आंबणे’ हा शब्द श्रमानंतरच्या स्नायूंच्या थकव्यालाही लावला जातो, त्यामुळे रुग्णाला नेमके काय होते ते वेगळे विचारून घ्यावे लागते. सांधा कायमचा जखडणे ही याहून निराळी अवस्था होय. दाहजन्य (सांध्याला सूज आणणारे) संधिविकार आणि झिजेचे संधिविकार यांच्यात फरक करण्यासाठी हे लक्षण दीर्घकाळ वापरले जात आहे.

आमवातासंबंधीच्या आयुर्वेदीय चर्चेत या लक्षणाला महत्त्व आहे. आमवाताचे स्वतंत्र वर्णन प्रथम माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात येते. त्याचा काळ सामान्यतः सातवे किंवा आठवे शतक मानतात, तर काही अभ्यासक तो नवव्या शतकापर्यंत खाली आणतात. आम (न पचलेला अन्नरस) व वात एकाच वेळी प्रकुपित होऊन त्रिक (कंबरेचा खालचा भाग) व संधींत शिरतात आणि गात्र ‘स्तब्ध’ करतात, अशी तेथील व्याख्या आहे. याउलट चरकसंहितेत संधिगत वाताच्या वर्णनात वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा लागणारा शोथ आणि सांधा पसरताना-आखडताना होणारी वेदना एवढेच सांगितले असून स्तब्धतेचा उल्लेख नाही. या फरकामुळे आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (दाहजन्य संधिविकार) आणि संधिगत वात म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस (झिजेचा संधिविकार) असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, व बरेच लेखक ते मांडतातही. परंतु प्रवृद्ध आमवाताच्या लक्षणांत विंचू डसल्यासारखी वेदना, अग्निमांद्य (मंद पचन) आणि हृद्ग्रह (हृदय आवळल्यासारखे वाटणे) यांचाही समावेश असल्याने काहींना त्यात संधिवातज्वर (सांध्यांबरोबर हृदयालाही बाधणारा ज्वर) दिसतो. आमवात ही एका व्याधीची नव्हे, तर अनेक दाहजन्य विकारांना सामावणारी संज्ञा असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

युरोपीय वैद्यकात लांद्रे-बोव्हे यांनी 1800 मध्ये पॅरिस येथील प्रबंधात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी जुळणारा विकार गाउटपासून (युरिक आम्लामुळे होणाऱ्या संधिविकारापासून) वेगळा वर्णिला असे मानतात. या विकाराचे आजचे नाव ॲल्फ्रेड गॅरड यांनी 1859 मध्ये दिले. झिजेचा विकार त्यापासून पूर्णपणे वेगळा काढला गेला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, तोही प्रामुख्याने ऊतींच्या परीक्षणावरून.

ताठरपणा किती वेळ टिकतो, यावर नंतरच्या निकषांनी भर दिला. अमेरिकेतील 1987 च्या वर्गीकरण निकषांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी सकाळचा ताठरपणा किमान 1 तास, आणि तोही किमान 6 आठवडे, असणे हा सात निकषांपैकी एक होता. येथे 1 तास मोजायचा तो जास्तीत जास्त मोकळेपणा येईपर्यंतचा, पूर्ण आराम पडेपर्यंतचा नव्हे. प्रत्यक्ष विचारपूस करताना हा भेद सहसा निसटतो. उठल्यावर कपाचा कान धरता येत नाही, ब्लाउजचे हूक लावता येत नाही, पण अकराच्या सुमारास कणीक मळता येते, अशी तक्रार दाहाकडे बोट दाखवते. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या 1986 च्या निकषांत ताठरपणा 30 मिनिटांपेक्षा कमी असावा असे म्हटले आहे, आणि तो मांडी घालून बसल्यावर उठतानाही येतो. चार पावले टाकली की सुटतो, मात्र दिवसभराच्या वापराने वेदना वाढते. कण्याच्या दाहजन्य विकारात, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, कंबरेचा ताठरपणा व्यायामाने कमी होतो, विश्रांतीने नाही.

तरीही ही सीमारेषा काटेकोर नाही. 1993 मधील एका पुनर्मूल्यांकनात ताठरपणाच्या कालावधीपेक्षा त्याची तीव्रता दोन्ही गटांत अधिक चांगला फरक करते असे आढळले, आणि 2010 च्या अमेरिकी-युरोपीय निकषांतून हे लक्षण वगळण्यात आले. बोटांच्या झिजेच्या एका दाहयुक्त प्रकारात तर ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिकही टिकू शकतो.

कारणमीमांसेत जॉन्स व राइट यांच्या 1962 मधील प्रयोगाचा आधार अजूनही घेतला जातो. मांजराच्या मनगटाच्या सांध्यावर केलेल्या या मापनात हालचालीला होणाऱ्या अवरोधाचा सुमारे 47 टक्के भाग संधिकोशाचा (सांध्याभोवतीच्या आवरणाचा), 41 टक्के स्नायूंचा, 10 टक्के कंडरांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांचा) आणि 2 टक्के त्वचेचा आढळला. म्हणजे रोग कूर्चेचा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाचा) असला तरी ताण मऊ ऊतींचा असतो. मात्र उपकरणाने मोजलेला अवरोध आणि रुग्णाने सांगितलेला ताठरपणा नेहमी जुळत नाहीत. स्नायू क्षीण झालेल्या रुग्णात अवरोध कमी भरूनही तक्रार तीव्र असू शकते. दाहजन्य विकारात पहाटे इंटरल्यूकिन-6 हे दाह वाढविणारे प्रथिन वाढते, आणि दाह आवरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पहाटेची वाढ त्याला पुरी पडत नाही, अशी उपपत्ती आता बरीच मान्य आहे. रात्री घेतल्यावर काही तासांनी पहाटे विरघळणाऱ्या प्रेडनिसोन या स्टेरॉइड औषधाने ताठरपणाचा कालावधी घटतो, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले आणि तिने या उपपत्तीस बळकटी दिली. सांध्यात साचणाऱ्या फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) वाटाही अलीकडे सुचविला गेला आहे. झिजेच्या विकारात जाड झालेला संधिकोश, अस्थिवृद्धी आणि स्नायूंची दुर्बलता ही कारणे दिली जातात.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 पासून झालेल्या सामुदायिक सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे 0.5 टक्के आढळले. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे त्याच्या अनेक पटींनी जास्त होते. गावपातळीवर सकाळच्या ताठरपणाची तक्रार ऐकताना म्हणूनच झिजेचा विकार आधी लक्षात घेतला जातो.